थंडी वाजते ती पाण्याला

नोव्हेंबर लागला की कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर मिटून ठेवले जातात. टाक्या रिकाम्या करायच्या, पायपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, गाद्या उभ्या करायच्या, की एप्रिल-मेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. पण काही जणांना नेमकं याच दिवसांत बाहेर पडायचं असतं. कुणाला स्कीइंग करायचं असतं, कुणाला गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचे असतात, तर कुणाला नुसती गर्दी नको असते. टोरांटो, मिनियापोलिस, डेन्व्हरकडे राहणारी काही मराठी कुटुंबंही या नादाला लागलेली आहेत. ट्रेलर घेताना जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: आत ऊब राहील ना?

प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. माणूस दोन स्वेटर चढवतो, कानटोपी घालतो, रजईत शिरतो, रात्र निघते. ट्रेलरमधलं पाणी यातलं काहीच करू शकत नाही. शून्याखाली गेलं की ते गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पायपांचे सांधे, पंप, नळ, जे आड येईल ते फोडतं. म्हणून हिवाळ्यासाठी ट्रेलर बघायला जाल तेव्हा सोफ्यावर बसून बघण्याआधी खाली वाका आणि पाणी कुठून कुठे जातं ते शोधा. पाण्याची सोय नीट असेल तर माणसांची आपोआप होते. उलट मात्र होत नाही.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर. त्यात झोपायची जागा, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम असं सगळं असतं, पण स्वतःचं इंजिन नसतं. अमेरिकेतली यांची बहुतांश निर्मिती इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात होते. यातले बहुतेक ट्रेलर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी बनवलेले असतात आणि त्यात काही गैर नाही. वजन जितकं कमी, तितकी ओढायला लहान गाडी चालते आणि गिऱ्हाईक वाढतं. वजन कमी करायचं तर भिंत पातळ करावी लागते. भिंतीची जाडी साधारण दीड ते दोन इंच. एवढ्या जाडीत भरलेल्या फोमचा किंवा काचलोकरीचा उष्णतारोधाचा आकडा, म्हणजे तिकडे ज्याला आर-व्हॅल्यू म्हणतात तो, पाच ते आठच्या घरात येतो. उत्तरेकडच्या नव्या घरांच्या भिंती वीस किंवा त्याहून वर असतात.

मग अनेक ट्रेलरच्या अंगावर 'फोर सीझन' अशी पट्टी कशी झळकते? अमेरिकेत या शब्दाला कायद्याने ठरवलेला अर्थ नाही, म्हणून. कुणी छतात चांदीसारखा चकाकणारा कागद अंथरतो आणि त्याच्या जिवावर माहितीपत्रकात मोठाले आकडे छापतो. तो कागद उष्णतेचं प्रारण परतवतो हे खरं. पण त्याच्या पुढे मोकळी हवा असेल तरच. दोन थरांमध्ये चेपून बसवला की त्याचा उपयोग नगण्य. युरोपात या बाबतीत शिस्त बरी आहे. तिथल्या ईएन १६४५-१ या मानकात कॅरॅव्हॅनच्या तीन श्रेणी आहेत. सर्वांत वरची, म्हणजे तिसरी श्रेणी मिळवायची तर गाडी उणे १५ अंशांच्या शीतकक्षात गारठवतात, मग हीटर लावतात, आणि चार तासांत आतलं तापमान २० अंशांवर जावं लागतं. शिवाय त्यानंतर पाण्याची यंत्रणा चालायला हवी. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. अमेरिकी विक्रेत्याला विचारायचा प्रश्नही हाच आहे: किती तापमानाला चाचणी घेतली, किती तास, आणि तेव्हा नळाला पाणी होतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर पट्टीकडे दुर्लक्ष करावं.

बांधणीचे ढोबळ तीन प्रकार. लाकडी चौकट, मध्ये काचलोकर आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा नालीदार पत्रा हा सर्वांत स्वस्त. दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, फोम आणि फायबरग्लास एकत्र चिकटवून अखंड पाट बनवतात. हा दिसायला गुळगुळीत आणि वाऱ्याला घट्ट असतो, पण धातूच्या नळ्या थंडी थेट आत आणतात. कडाक्याच्या सकाळी आतून भिंतीवर हात फिरवला तर चौकट कुठे आहे ते बोटांना कळतं, आणि तिथेच दवाच्या रेघा उठतात. तिसरा प्रकार साच्यात ओतलेल्या फायबरग्लासच्या कवचाचा. १९६८ मध्ये विनिपेगला सुरू झालेला बोलर हा त्यातला आद्य. त्याच वळणाचे स्कॅम्प आजही मिनेसोटात बनतात. टेनेसीतल्या ऑलिव्हरमध्ये तर कवचात कवच असतं आणि पाण्याचे पाइप त्या दोहोंच्या मधून, उबदार बाजूने जातात. ओरेगॉनचा आर्क्टिक फॉक्स आणि ब्रिटिश कोलंबियाचा बिगफूट यांचीही हिवाळी मंडळींत चांगली पत आहे. पैसे अर्थातच त्या मानाने मोजावे लागतात.

भिंतींवरून वाद घालणाऱ्यांचं खिडक्यांकडे लक्ष नसतं. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. सात मीटर लांबीचा ट्रेलर घेतला तर भिंती, छत आणि जमीन मिळून त्याचा सुमारे ७३ चौरस मीटर पृष्ठभाग थंडीला सामोरा असतो. त्यातल्या खिडक्या समजा पाच चौरस मीटर, म्हणजे सात टक्केसुद्धा नाहीत. पण काच एकेरी असेल तर एकूण उष्णतेपैकी साधारण तीस टक्के या पाच चौरस मीटरांतूनच निसटते. बाहेर उणे २० आणि आत अधिक २० हवे असतील, तर हा ट्रेलर जवळजवळ चार किलोवॉट उष्णता सतत मागत राहतो. दुहेरी काचांचा पर्याय मिळत असेल तर तो आधी घ्यावा. मोठा टीव्ही नंतर. जुना ट्रेलर असेल तर खिडकीच्या मापाचे फोमचे पत्रे कापून रात्री आतून बसवावेत. छतातल्या झरोक्यांसाठी चौकोनी उश्या मिळतात, त्याही घ्याव्यात. दिसायला गबाळं दिसतं, पण काम करतं.

बटण दाबलं की खणासारखा बाहेर सरकणारा भिंतीचा भाग, म्हणजे स्लाइड-आउट, उन्हाळ्यात मोठी चैन असते. हिवाळ्यात तो सहाही बाजूंनी नाही तरी पाच बाजूंनी उघडा पडतो, त्याच्या रबरी कडा थंडीने ताठरतात आणि वर बर्फ साठला तर तो आत घेताच येत नाही. हिवाळाच डोळ्यांसमोर असेल तर स्लाइड-आउट नसलेला किंवा फार तर एक असलेला ट्रेलर बघावा, असं माझं मत आहे. बाहेरून वापरायचा शॉवर आणि बाहेरचा ओटा या दोन गोष्टींनाही नाही म्हणावं. त्यांचे पाइप पत्र्याच्या एका पातळ झाकणामागे असतात आणि बहुतेक वेळा पहिले गोठतात ते तेच.

आता खाली वाकून बघू. ट्रेलरच्या पोटाखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची म्हणजे ग्रे, तिसरी संडासाची म्हणजे ब्लॅक. चांगल्या ट्रेलरमध्ये पोट प्लास्टिकच्या नालीदार पत्र्याने झाकलेलं असतं आणि प्रोपेनवर चालणाऱ्या फर्नेसची गरम हवा एका वाहिनीतून तिथे सोडलेली असते. 'पोट बंद आहे' आणि 'पोट गरम आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता पहिली सांगून दुसरीचा भास निर्माण करतो. वाहिनी खरंच आहे का, किती जाड आहे आणि नेमकी कुठे उघडते, हे पत्र्याचे दोन स्क्रू काढून बघण्याचा हट्ट धरावा.

इथेच एक सापळा आहे, आणि चांगले जाणकारही त्यात अडकतात. कॅम्पग्राउंडवर वीज फुकट किंवा भाड्यातच असते, म्हणून लोक प्रोपेन वाचवायला आत १५०० वॉटचा विजेचा हीटर लावतात. खोली मस्त गरम होते. थर्मोस्टॅटला वाटतं सगळं आलबेल आहे, त्यामुळे फर्नेस सुरूच होत नाही. फर्नेस नाही तर पोटात गरम हवा नाही. वर माणसं टी-शर्टवर बसलेली आणि खाली पाइप गोठलेले, असा प्रकार होतो. विजेचा हीटर जोडीला जरूर ठेवावा, पण फर्नेस ठरावीक वेळाने चालेल असा थर्मोस्टॅट लावून. आणि ओट्याखालची, पलंगाखालची कपाटांची दारं रात्री उघडी ठेवावीत, म्हणजे बाहेरच्या भिंतीलगतच्या पायपांना खोलीची ऊब लागते.

गंमत अशी की टाकी पटकन गोठत नाही. दीडशे लिटर पाण्याचा बर्फ व्हायला त्यातून प्रचंड उष्णता बाहेर पडावी लागते. त्याला वेळ लागतो. गोठतात ते अर्ध्या इंचाचे पाइप, पाणी काढून टाकायच्या खालच्या तोट्या आणि सांडपाण्याची झडप. ही झडप म्हणजे तीन इंची पायपातली एक सरकती पाती. तिचा दांडा बाहेर आलेला असतो. पातीमागे बर्फ धरला असताना दांडा जोरात ओढला तर तुटतो, आणि मग भरलेली ब्लॅक टाकी घेऊन पुढे काय करायचं हा प्रश्न कुणावरही येऊ नये. झडप पोटाच्या आत, उबेत असेल तर उत्तम. ती बाहेर लोंबत असेल तर तिच्यावर विजेची गरम पट्टी गुंडाळता येते. टाक्यांखाली चिकटवायचे बारा व्होल्टचे गरम पॅडही मिळतात. पण सगळ्यांत मोठा नियम फुकटचा आहे: झडपा बंद ठेवायच्या आणि टाकी बरीच भरल्यावर एकदम सोडायची. उन्हाळ्याच्या सवयीने ग्रे टाकीची झडप उघडी ठेवली तर थेंबथेंब पाणी नळीत जाऊन थरावर थर गोठतं, आणि सकाळी नळीच्या जागी बर्फाचा दांडा मिळतो.

अँटीफ्रीझबद्दल एक ताकीद. ट्रेलरसाठीचं गुलाबी अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकोलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये चालतं ते बहुधा इथिलीन ग्लायकोलचं, आणि ते विषारी आहे. पिण्याच्या पायपांत ते कधीही घालू नये.

इंधनाच्या बाबतीत अमेरिकेतला हिवाळी प्रवासी नशीबवान आहे. तिथल्या सिलिंडरमध्ये जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतं आणि ते उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं, म्हणजे वायू देत राहतं. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचं प्रमाण मोठं, आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडरवर गरम पाणी ओतावं लागतं त्याचं कारण हेच. तरी प्रोपेनलाही मर्यादा आहे. कडक थंडीत सिलिंडरमधला दाब उतरतो, आणि छोट्या सिलिंडरमधून भराभर वायू खेचला तर तो स्वतःच आणखी गार होत जातो. वीस पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू ऊर्जा असते. मघाचा चार किलोवॉटचा हिशेब आणि फर्नेसच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता धरली, तर उणे २० ला एक सिलिंडर एका दिवसाला पुरतो. म्हणून दोन सिलिंडर भरून निघालेल्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅस कुठे मिळेल, हे निघण्यापूर्वीच बघून ठेवावं.

पण गॅस भरपूर असून माणसं गारठतात ती बॅटरीमुळे. फर्नेसचा पंखा बारा व्होल्टवर चालतो आणि चालू असताना सातेक अँपिअर ओढतो. संध्याकाळी पाचला अंधार, सकाळी सातला उजेड. या चौदा तासांत पंखा निम्मा वेळ चालला तरी पन्नास अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे निम्मेच वापरावेत असा संकेत आहे, म्हणजे हिशेब काठावर बसला. आणि बाहेर उघड्यावर ठेवलेल्या त्या बॅटरीची क्षमता उणे १८ अंशांना जवळजवळ अर्ध्यावर येते. मग काय, मध्यरात्री पंखा मंदावतो, फर्नेस स्वतःला बंद करून घेते आणि पहाटे तीनला सगळं घर जागं होतं. शिवाय रिकामी झालेली शिसे-आम्लाची बॅटरी गोठून तडकू शकते; पूर्ण भरलेली मात्र उणे पन्नासलाही टिकते. लिथियम बॅटरी हलकी आणि दमदार असते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते. तसं केलं तर आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बाद होते. लिथियमच घ्यायची तर स्वतःला गरम ठेवणारी घ्यावी, किंवा ती आत, पलंगाखाली बसवून घ्यावी.

आता दमटपणा. एक माणूस रात्रभरात श्वासातून पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडतो. त्यात चहा उकळला, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, ओले हातमोजे वाळत घातले. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. फर्नेसची वाफ बाहेर जाते, पण शेगडीची आणि बिनधुराड्याच्या छोट्या गॅस हीटरची आतच राहते. आत २० अंश आणि निम्मी आर्द्रता असेल तर नऊ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर उणे १५ असताना एकेरी काच आतूनच शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फाची नक्षी उमटते. दुहेरी काचही सातेक अंशांवर असते, म्हणजे तीही थोडी धुरकटतेच. खिडकीवरचं पाणी निदान दिसतं. गादीखाली, कपाटाच्या मागे साचलेलं दिसत नाही आणि वसंतात बुरशी होऊन भेटतं. गादीखाली जाळी घालावी म्हणजे हवा खेळते. स्वयंपाक करताना छताचा झरोका दोन बोटं उघडा ठेवावा. ऊब बाहेर घालवायची हे मनाला पटत नाही, पण ती कोरडी हवा आत यायची किंमत आहे.

झरोक्याचं दुसरं कारण जिवावरचं आहे. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड होतो; त्याला रंग नाही, वास नाही. शेगडी पेटवून खोली गरम करण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये. मोनॉक्साइडचा अलार्म निघण्याआधी तपासावा. या अलार्मना वयोमर्यादा असते आणि ती मागच्या बाजूला छापलेली असते. फर्नेसचं धुराडं बाहेरच्या भिंतीवर खालच्या अंगाला असतं. बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी आणि रात्रीतून एकदा तरी ते मोकळं आहे का ते बघावं.

एका जागी काही दिवस मुक्काम असेल तर ट्रेलरला झालर लावतात. झालर म्हणजे ट्रेलरच्या कडेपासून जमिनीपर्यंत व्हिनाइलचा पडदा किंवा फोमचे पत्रे. वाऱ्याने पाइप हवेच्या तापमानाहून गार होत नाही, पण त्याची उष्णता कितीतरी वेगाने पळते. वारा अडवला की जमिनीची ऊब आणि पोटातून झिरपणारी उष्णता खाली कोंडून राहते. नॉर्थ डकोटातल्या बाकेन भागात २०१० च्या आगेमागे तेलाची लाट आली तेव्हा राहायला घरं नव्हती; कामगारांनी ट्रेलरमध्ये हिवाळे काढले ते अशाच झालरींच्या आधाराने. काही जण गवताच्या गासड्या रचतात, पण त्यात उंदीर वस्तीला येतात. भोवती साचलेला बर्फच फावड्याने कडेला चढवला तरी चालतो. धुराडं मात्र कुठल्याही झालरीच्या बाहेरच उघडलं पाहिजे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जागा निवडताना वीज असलेलीच निवडावी. टोरांटोच्या उत्तरेला अल्गॉनक्विन उद्यानात म्यू लेक हे कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही उघडं असतं. बॅन्फमध्ये टनेल माउंटन व्हिलेज दोन आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, सुमारे २१०० मीटर उंचीवर, ट्रेलर व्हिलेज वर्षभर चालतं. पण वीज आहे म्हणजे प्रत्येक जागेवर नळ आहे असं नाही. उत्तरेत हिवाळी नळ बहुतेक ठिकाणी बंदच असतात. मला विचाराल तर पहिल्या हिवाळ्यात ट्रेलरच्या पायपांत पाणी भरूच नये. सगळी यंत्रणा अँटीफ्रीझवर ठेवावी, पिण्याचं आणि भांड्यांचं पाणी कॅनमधून आत आणावं, संडासात पाण्याऐवजी थोडं अँटीफ्रीझ ओतावं आणि आंघोळ कॅम्पग्राउंडच्या तापवलेल्या इमारतीत करावी. थोडी गैरसोय होते, पण या लेखातल्या निम्म्या काळज्या संपतात. मग दुसऱ्या वर्षी, आपल्या ट्रेलरचं पोट किती अंशांपर्यंत उबदार राहतं हे एक साधा बिनतारी थर्मामीटर खाली ठेवून कळल्यावर, पाणी भरायचं की नाही ते ठरवावं.

ओढणाऱ्या गाडीबद्दल फार लिहीत नाही, कारण नियम उन्हाळ्याचेच आहेत: एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या आकड्यावर आला पाहिजे, आणि जादा सिलिंडर, बॅटऱ्या, फावडी यांचं वजन त्यात धरलं पाहिजे. हिवाळ्यात एवढंच वेगळं की घसरड्या रस्त्यावर ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कंट्रोलरवर कमी करावा लागतो, नाहीतर ट्रेलरची चाकं आधी अडकतात आणि तो बाजूने पुढे यायला बघतो. हिमवादळाचा इशारा असेल तर एक दिवस जास्त राहावं. तेवढा गॅस जवळ असावा.

छतावरचा बर्फ रोज उतरवावा. मघाच्याच ट्रेलरच्या छतावर एक फूट भुसभुशीत बर्फ साठला तर त्याचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास होतं. ओला असेल तर त्याहून बरंच जास्त. निघायच्या सकाळी टायर जमिनीला चिकटलेले सापडू नयेत म्हणून आल्याबरोबर ते फळ्यांवर चढवून ठेवावेत. आणि घरी पोचल्यावर चौकटीवरचं रस्त्याचं मीठ धुवायची घाई असतेच, पण तापमान शून्याच्या वर जाईल तो दिवस येऊ द्यावा. नाहीतर धुतलेलं पाणी कुलपांत आणि ब्रेकमध्ये जाऊन गोठतं.